शिकवण्यापुरता आकडा

इंडोनेशियातल्या मानाडो शहरापासून दोनेक तासांवरच्या एका विद्यापीठात पारा मोजायचं यंत्र आलं आणि थेट विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन बसलं. विभागप्रमुख पाक लुमिंकेवास (पाक म्हणजे तिकडचं 'सर') यांनी त्याच्यावर बाटिकचं कापड घातलं. पाहुणे आले की कापड काढायचं, फोटो काढायचे, परत घालायचं.

मेइस्के पात तिसऱ्या वर्षाला पर्यावरण रसायनशास्त्र शिकवायची. यंत्र मुलांना वापरू द्या म्हणून तिनं पाकांचं डोकं खाल्लं.

"पोरं बिघडवतील ते," पाक म्हणायचे.

"बिघडवू देत! नदीतून पारा वाहतोय आणि आपल्या पोरांनी तो पुस्तकात बघायचा?"

शेवटी कंटाळून पाकांनी परवानगी दिली. मेइस्के मुलांना म्हणाली, "नमुना म्हणून बाटलीतली तयार पूड नको. घरून काहीतरी आणा." कुणी भाजलेला चाकालांग मासा आणला, कुणी भातखाचरातली माती. ओल्वी नावाची मुलगी कागदाच्या पुडीत केस घेऊन आली.

"कुणाचे?"

"आईचे, इबू," ती म्हणाली. तिकडे बाईंना इबू म्हणतात.

ओल्वीचं गाव डोंगरात, सोन्याचा दगड दळणाऱ्या गिरण्यांचं. दळलेल्या दगडातलं सोनं पाऱ्यानं गोळा करायचं आणि तो गोळा जाळून पारा उडवून द्यायचा. ओल्वीची आई युल्चे हे जाळायचं काम घरच्याच चुलीवर करायची, भात उतरवला की लगेच.

केस धुतले, वाळवले, बारीक कापून धातूच्या इवल्याशा नावेत ठेवले. यंत्रानं ते जाळले, वाफेतला पारा धरला आणि पडद्यावर आकडा आला. बाकीच्यांच्या आकड्यांशेजारी तो राक्षसासारखा दिसत होता.

"ओल्वी, एवढा पारा म्हणजे सोनंही असणार! आईला वितळव की, हार होईल," मागून एकजण ओरडला. वर्ग हसला.

मेइस्के आपल्याच नादात होती. इतका स्पष्ट आकडा शिकवायला कधी मिळतो? "छान!" ती म्हणाली. "आणखी दोनदा मोजा, सरासरी काढा, फळ्यावर लिहा."

ओल्वी जागची हलली नाही. "छान? इबू, माझी आई आहे ती. तिचे हात थरथरतात. कॉफी ओतताना अर्धी बशीत सांडते. आणि तुम्ही सरासरी काढायला सांगताय?"

मेइस्केच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मुलगी खरं बोलत होती. "चूक झाली माझी," ती म्हणाली. "चल."

दोघी पाकांकडे गेल्या. आईची तपासणी करायची तर आरोग्य केंद्राला विभागाचं पत्र हवं होतं. पाकांनी आकडा पाहिला आणि कागद उलटा ठेवला.

"हा आकडा शिकवण्यापुरता. आपली प्रयोगशाळा प्रमाणित नाही. शिवाय केसांवर बाहेरून धूर बसतो, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतं. म्हणून तर म्हणते, केंद्राला हिच्या आईची लघवी तपासू दे. पत्र द्या."

"गिरण्या कुणाच्या आहेत, माहीत आहे ना? उद्या मला फोन येतील."

"बाईचे हात थरथरतायत, आणि तुम्हाला फोनची भीती वाटते?" मेइस्केचा आवाज सगळ्या मजल्यानं ऐकला. "मग शिकवायचं कशाला? पोरांना मोजता येऊ दे, पण काय मोजलं ते कळू देऊ नका, असंच ना?"

पाकांनी पत्र दिलं नाही. प्रयोगशाळेच्या दारावर सूचना मात्र लागली: घरचे नमुने आणण्यास मनाई.

शनिवारी मेइस्के ओल्वीबरोबर तिच्या गावी गेली. युल्चेनं कॉफी पुढे केली, ती सांडलीच. सगळं ऐकून ती आधी मुलीवरच भडकली. "माझे केस चोरून नेलेस? शिकायला पाठवलं की आईची अब्रू काढायला?"

"तांते, तिला ओरडू नका," मेइस्के तिला मावशी म्हणावं तशी म्हणाली. "चुलीवर जे जळतं ना, ते तुमच्या अंगात जातंय. भातातसुद्धा."

युल्चेनं चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं. "गिरणीवाला म्हणाला होता, जरा खोकला येतो, बाकी काही नाही." मग तिचा आवाज चढला. "त्याची बायको का नाही जाळत? तिच्या घरात चूल नाही?"

सोमवारी प्रयोगाच्या वेळी जिन्यावर गलका झाला. गावातल्या बायका आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात केसांची पुडी आणि सगळ्यांच्या पुढे युल्चे. पाक धावत आले. "इथं बाहेरच्यांना परवानगी नाही!"

"परवानगी?" युल्चे म्हणाली. "आमच्या पोरी इथं शिकतात. त्या शिकतात ते आमच्यावर करून बघू दे."

पाकांनी शिपायाला हाक मारली. पण तिसऱ्या वर्षाची सगळी मुलं दारात येऊन उभी राहिली. हार होईल म्हणणारा मुलगा सगळ्यांत पुढे होता. त्यानं मान खाली घालून युल्चेच्या हातातली पुडी घेतली.

दुपारपर्यंत यंत्र चालू होतं. कुणी हसलं नाही. आकडे घेऊन मेइस्के त्या बायकांबरोबर थेट आरोग्य केंद्रात गेली, पत्राशिवाय. डॉक्टर आधी कुरकुरले, मग जिन्यापर्यंत लागलेली बायकांची रांग बघून त्यांनी लघवीच्या बाटल्या मागवल्या. युल्चेचा निकाल वाईटच आला. तिनं जाळायचं काम सोडलं, आणि तिच्यामागोमाग आणखी काहीजणींनी.

गिरणीवाल्याला अजून कुणी काही बोललेलं नाही. ते काम त्यानं खालच्या गावातल्या बायकांना दिलं. हे कळलं तेव्हा मेइस्के हातातला खडू मोडेपर्यंत दाबत राहिली. मग वर्गाला म्हणाली, "गाडीची सोय करा. उद्या खालच्या गावाला जायचंय."