बाळगुटीचा होन

बेंबळीच्या आण्णासाहेबांना पस्तिशीत जुनी सोन्याची नाणी जमवायचा नाद लागला, तेव्हा त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईला, आधी बरंच वाटलं. पत्त्यांपेक्षा हे बरं, माणूस घरात तरी दिसेल. महिन्याभरात तिच्या ध्यानात आलं, की पत्ते खेळणारा निदान हरला की गप बसतो.

आण्णासाहेबांनी सोलापुराहून भिंग आणलं आणि पाच नाणी जमताच पारखीचं स्वतःचं शास्त्र काढलं. झळझळीत ते अव्वल, मळकट ते दुय्यम. पाचातली चार दुय्यम निघाली. मग जन्मात पाण्याचा तांब्या न विसळलेला हा माणूस चिंचेचा कोळ आणि रांगोळी घेऊन मोरीत बसला.

"मी घासू का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? हे काय भांडी घासणं न्हाय."

घासत मात्र होते अगदी तसंच. दिवस कलेपर्यंत पाचही नाणी अव्वल झाली.

दुसऱ्या दिवशी धाराशिवहून जैनोद्दीनसाहेब आले. हैदराबादेत उभा जन्म नाण्यांची पारख केलेला म्हातारा, आता लेकीकडं राहायला आलेला. ही पाच देऊन त्यांच्याकडची एक बादशाही मोहोर बदली घ्यायची, असा आण्णासाहेबांचा बेत.

म्हाताऱ्यानं एकेक नाणं कडेनं धरलं, उजेडात फिरवलं आणि खाली ठेवलं.

"हे कुणी घासलं?"

"मी स्वतः. गड्यावर भरवसा न्हाय."

"ते बरं केलं. गड्यानं घासलं असतं तर तुम्ही त्याला मारलं असतं."

"म्हंजी?"

"म्हंजी साहेब, अक्षरं झिजली, जुना रंग गेला. नाणं म्हणून किंमत संपली. आता हे नुसतं सोनं. मोडीच्या भावात जाईल."

आण्णासाहेबांचं तोंड एवढंसं झालं. नजर लपवायला त्यांनी आत पाहिलं. दाराशी कस्तुराबाई सहाणेवर बाळगुटी उगाळत होती. पोर आठव्या महिन्यातच जन्मलेली, मुठीएवढी. वेखंड झालं, हळकुंड झालं, आता आईनं दिलेल्या होनाचे, त्या जुन्या सोन्याच्या नाण्याचे, दोन वेढे. तिची भावंडं ह्याच होनावर वाढली होती. सोनं पोटात गेलं की पोर अंग धरते, असं आई म्हणायची आणि कस्तुराबाईचा त्यावर देवाएवढा विश्वास.

"बेटी, बघू जरा," म्हातारा म्हणाला. तिनं पदर सावरून होन पुढं केला.

"ही बाजू उगाळून सपाट झाली. पण ही? वा! शंकर-पार्वती कालच बसल्यासारखी. हिला कुणी रांगोळी लावली न्हाय. निजामाचे हाली रुपये दीडशे देईन. न्हायतर ही मोहोर घ्या बदली."

"दिला!" आण्णासाहेब म्हणाले.

"माझ्या आईचा हाय तो."

"तुझ्या आईचा म्हंजी आपलाच की."

"आन् पोरीच्या गुटीला?"

"ही पाच घे की उगाळायला! आता तशीही कशाच्या कामाची हायेत?"

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. होन त्यानं आण्णासाहेबांच्या पसरलेल्या हातावर न देता जिच्याकडून घेतला होता तिच्याच हातात ठेवला.

"व्हय का?" कस्तुराबाई म्हणाली. "मोडीतलं पोरीच्या पोटात, आन् पोरीचं अव्वल ते तुमच्या डबीत?"

तिनं होन उलटा केला. ही बाजू आईनं कधी उगाळली नव्हती, देवाच्या अंगाला दगड कसा लावायचा म्हणून. क्षणभर तिचा हात थबकला. 'महादेवा, तुम्हालाबी लेकरं हायेत,' ती मनात म्हणाली आणि शंकर-पार्वती सहाणेवर टेकवून तिनं वेढे सुरू केले. दोन न्हाय, चांगले वीस-पंचवीस.

"अगं! अगं, दीडशे!" आण्णासाहेब ताडकन उठले.

तिनं होन पदरानं पुसून म्हाताऱ्यापुढं धरला. "आता किती, चाचा?"

म्हाताऱ्यानं भिंग लावलं. मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं.

"आता मोडीच्या भावात, बेटी."

"मग राहू द्या माझ्याकडं."

ओसरीवर आण्णासाहेब कुणाला तरी बायकांची अक्कल समजावून सांगत होते. ऐकायला म्हाताऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तो जोडे घालत होता. कस्तुराबाईनं अंगावरच्या दुधाचे चार थेंब सहाणेवर पिळले, बोटावर गुटी घेतली आणि पोरीच्या जिभेला लावली. पोरीनं वेखंडाच्या वासानं नाक मुरडलं आणि निम्मी बाहेर थुंकली. हनुवटीवरची ती गुटी कस्तुराबाईनं बोटानं निपटली आणि हळूच परत आत सारली.