मावशींच्या नळीने ऐकलेले भय

मी एक जुनी लाकडी नळी आहे.

मित्रांनो, एवढ्यावरून तुम्हाला काही कळणार नाही. तुम्ही मला फुंकणी समजाल. पुन्हा सुरुवात करते.

मी वीतभर लांबीची, आतून पोकळ, एका टोकाला चकतीसारखी सपाट आणि दुसऱ्या टोकाला घंटेसारखी पसरट अशी एक जुनी नळी आहे. पसरट टोक गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचे. सपाट टोकावर सुईणीने कान टेकायचा. मग पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके माझ्यातून तिच्या कानापर्यंत जातात. माझे काम एवढेच. मला तोंडे दोन आहेत, पण बोलता एकानेही येत नाही. आज बोलते आहे ते फार वर्षे गप्प राहिले म्हणून.

गोष्ट एका चुकीची आहे. आणि देवाच्या भयाची.

*कानाच्या बाजूने*

मला एका कातारी माणसाने घडवले. तो लेथवर लाकूड फिरवून खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे आणि मुलांसाठी भोवरे करायचा. त्याची मुलगी सुईणीचे शिक्षण पुरे करून घरी आली, तेव्हा घराच्या जुन्या दाराची काढून ठेवलेली चौकट होती, तिच्यातला एक तुकडा त्याने घेतला आणि मला कातले. म्हणजे त्या घरात मी आधीपासूनच होते. दारात उभी होते. म्हणून पुढची गोष्ट मला ठाऊक आहे.

मुलगी लहान असताना बाप तिला रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचून दाखवी. एकदा त्याने डोंगराची गोष्ट वाचली. डोंगर धुराने भरला आहे, वर गडगडाट चालला आहे, आणि लोक थरथरत लांब उभे आहेत. त्यांचा पुढारी त्यांना सांगतो की भिऊ नका. देव आला आहे तो त्याचे भय तुमच्यापाशी राहावे म्हणून, तुमच्या हातून पाप होऊ नये म्हणून.

मुलगी म्हणाली, "बाबा, याला काहीतरी एक ठरवायला सांगा. भिऊ नका म्हणतो, आणि त्याच दमात भय असू द्या म्हणतो."

बापाने पुस्तक मिटले आणि तिला लेथपाशी नेले. "या लेथला जो नुसता घाबरतो, तो दारातूनच परत जातो. त्याच्या हातून काही घडत नाही. ज्याला याचं भय असतं तो जवळ येतो. पण येताना बाहीचं बटण लावून येतो."

"आणि ज्याला काहीच वाटत नाही, तो?"

बापाने डावा हात वर केला. त्याची करंगळी अर्धीच होती. "तो मी. विशीतला."

मुलगी पुष्कळ दिवस त्या करंगळीवरून त्याला चिडवत राहिली. पण तिला जास्त आवडायची ती दुसरी गोष्ट, दोन सुइणींची. राजाने हुकूम काढला की जन्मणारे मुलगे मारून टाका. त्या दोघींनी देवाचे भय बाळगले आणि राजाचे ऐकले नाही. "आपल्या धंद्यातल्या बायका," असे ती मोठेपणी सगळ्यांना ऐटीत सांगे. तोवर ती सगळ्या गल्लीची मावशी झाली होती. मीही तिला मावशीच म्हणते.

*पोटाच्या बाजूने*

माझी कामाची वर्षे तीस. मावशींच्या पिशवीत मी टॉवेलात गुंडाळलेली असे. किती पोटांवर टेकले, ते आता आठवत नाही. आठवतो तो आवाज. उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा, लहान, घाईचा, आणि कुणाचीही पर्वा नसलेला.

ऐकण्याची एक रीत असते, मित्रांनो. ती नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. कान टेकला की नळीवरचा हात काढायचा. हात लागला तर त्याचीच खरखर ऐकू येते. मग मी फक्त कान आणि पोट यांच्यामध्ये उभी राहते. मोकळा झालेला हात आईच्या मनगटावर ठेवायचा आणि तिची नाडी बघायची. कारण पोटात आईच्या काळजाचाही आवाज येतो. आई दमलेली असली, घाबरलेली असली, तर तिचे काळीज बाळासारखेच धावू लागते. नळीतला ठोका आणि मनगटातला ठोका एकदम पडत असतील, तर तो बाळाचा नव्हे. शोधा पुन्हा. आणि हे सारे पूर्ण एक मिनिट करायचे.

ऐकायचे तर वाकावे लागते. वाकलेल्या माणसाला समोरचे काही दिसत नाही. मला मावशी तेव्हा फार आवडत. केस मागे सारलेले, डोळे मिटलेले, सगळा जीव एका कानात.

लोक त्यांची तारीफ करत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणत, यंत्र चुकेल पण मावशींचा कान चुकणार नाही. तारीफ वाईट नसते. पण ती रोज ऐकली की माणूस स्वतःचाच आवाज ऐकू लागतो.

*दोन्ही बाजूंनी*

त्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक शिंपीण राहत होती. खिडकीशी तिचे पायाने चालवायचे मशीन, बाजूला शाळेच्या गणवेशांचे ढीग. तिला नववा महिना लागला होता. घरात नवरा आणि सासू. नवरा कामावर गेलेला.

मावशी गेल्या तेव्हा शिंपीण नुकतीच जिना चढून आली होती. ती म्हणाली की कालपासून बाळ फारसे हलले नाही. सासूबाई म्हणाल्या, आता मावशी आल्यात ना, त्यांचा कान सोन्याचा आहे, आणि त्यांनी चहाचा कप पुढे केला.

मावशींनी मला पोटावर ठेवले. कान टेकला. नळीवरचा हात काढला.

आणि त्या हातात कप घेतला.

मी ऐकत होते, मित्रांनो. माझ्यातून एकच काळीज धावत होते. जिना चढून आलेल्या, घाबरलेल्या आईचे. दुसरे कुठेच नव्हते, किंवा इतके मंद होते की शोधायला वेळ हवा होता. मावशींनी पंधरा सेकंद मोजले, मनातल्या मनात चौपट केले आणि हसून म्हणाल्या, "घोडा दौडतोय नुसता."

शिंपीणही हसली. चहा गरम होता.

*मधल्या पोकळीतून*

दोन दिवसांनी मुलगी जन्मली. ती रडली नाही.

*कानाच्या बाजूने*

त्याच दुपारी मावशींनी आपली वही उघडली. तिच्यात दरवेळी दोन आकडे लिहायचे असत, एक बाळाच्या ठोक्यांचा, एक आईच्या नाडीचा. परवाच्या तारखेपुढे दुसरी जागा कोरी होती. मावशी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसल्या. मी टेबलावर होते. त्यांना कळले ते मला कळले.

चौथ्या दिवशी त्या भेटायला गेल्या. शिंपीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की मावशींनी ऐकले तेव्हा ठोके ठणठणीत होते; त्यानंतर हिने दोन दिवस मशीन हाणले, पोरांचे गणवेश पुरे करायचे म्हणून. नाही तर दोन दिवसांत असे काय झाले? मावशींनाच विचारा.

शिंपीण वळली आणि तिने मावशींकडे पाहिले. ती वाट बघत होती.

मावशी म्हणाल्या, "होतं असं कधीकधी."

पहिली चूक हाताची होती. ही जिभेची. आणि मित्रांनो, आता शिंपिणीवरचा आळ या एका वाक्याच्या खांबावर उभा राहिला. मावशी बोलल्या तर तो पडणार होता. नाही बोलल्या, तर ती पोर जन्मभर स्वतःला खुनी समजणार होती.

तीन महिने मावशी बोलल्या नाहीत. शिंपिणीच्या घरावरून जायचे टाळू लागल्या. चर्चमध्ये पुढच्या बाकावरून उठून खांबाआड बसू लागल्या. पवित्र शास्त्रातल्या पहिल्या माणसानेही तेच केले होते ना? देवाची चाहूल लागली आणि तो झाडांत लपला. म्हणाला, मला भीती वाटली. मावशींकडे कारणेही चांगली होती. आपला विश्वास उडाला तर बायका कुणाकडे जाणार? मेलेले मूल काही परत येत नाही. वगैरे.

राजाला न भिणे त्यांना कधी जड गेले नव्हते. राजा गल्लीत राहत नव्हता. सासूबाई राहत होत्या.

एका संध्याकाळी म्हाताऱ्या बापाने दोन सुइणींची गोष्ट वाचायला सांगितली. त्याला आता दिसत नव्हते. मावशीच त्याला वाचून दाखवत. त्या अर्ध्यावर थांबल्या. मग रडत सगळे सांगून टाकले. देव मला काय करेल, असे विचारत राहिल्या.

बापाने पुस्तक चाचपून मिटले. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? त्या घरात मी राहत नाही."

*पोटाच्या बाजूने*

शिंपिणीच्या घरी सकाळचे दहा वाजले होते. मशीनवर चादर घातलेली होती आणि चादरीवर घडी न केलेले कपडे. सासूबाई बटणे निवडत होत्या. चहा विचारला, मावशी नको म्हणाल्या. बसल्याही नाहीत.

"त्या दिवशी मी ऐकलं ते बाळाचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हिचं काळीज होतं. मी मनगट धरलं नाही. धरलं असतं तर कळलं असतं, आणि मी हिला तेव्हाच दवाखान्यात पाठवलं असतं. मी चहा घेतला."

बटणे थांबली.

शिंपिणीने विचारले, "म्हणजे मशीनमुळे नाही?"

"का झालं ते कुणालाच ठाऊक नाही, बाळा. बाळ तेव्हा होतं की आधीच गेलं होतं, तेही मला सांगता येत नाही. पण मी आल्यावर ठोके होते, हे खोटं आहे. त्यावरून तुला कुणी काही बोलू नये."

सासूबाईंचा आवाज अगदी खाली गेला. "तीन महिने तुम्ही हे पोटात ठेवलंत?"

"भ्याले होते."

"कुणाला? देवाला?"

"तुम्हाला. लोकांना. देवाला भ्याले असते तर त्याच दिवशी आले असते."

खाली रस्त्यावरून कुणीतरी भंगार ओरडत गेले. शिंपीण उठली. तिने मावशींच्या पिशवीतून मला काढले, टॉवेल सोडला, आणि माझे पसरट तोंड स्वतःच्या छातीवर, डावीकडे टेकवले.

"आई, तुम्ही ऐका," ती सासूला म्हणाली. "त्या दिवशी हेच वाजत होतं."

सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्या उठल्या, जवळ आल्या, कानातले काढून मुठीत घेतले आणि वाकल्या. तीन महिन्यांत त्या सुनेच्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या. त्यांना मोजता येत नव्हते. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. किती जोरात धावत होते ते काळीज! आणि किती एकटे.

त्यांनी नीट ऐकू यावे म्हणून मला हाताने धरले. मावशी सवयीने हळूच म्हणाल्या, "हात काढा. नळीला हात लावायचा नसतो."

हात निघाला. त्याला कुठे जावे कळेना. मग तो सुनेच्या हातावर गेला आणि तिथेच राहिला.

मिनिट केव्हाच होऊन गेले होते. माझ्या सपाट तोंडावर पाणी आले. मी लाकूड आहे. ओल मला सोसत नाही. त्या दिवशी सोसली.

*कुठल्याच बाजूने नाही*

शिंपिणीने माफ केले असे म्हटले नाही. मी मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला तसे वाटेल. ती फक्त म्हणाली, "नळी इथे राहू द्या." मावशी मला न घेता जिना उतरल्या. पुढे त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही सांगितले. सहा महिने मावशींना काम नव्हते. मग मिळाले, तेव्हा दुसऱ्या नळीने त्या ऐकू लागल्या. गल्लीतल्या बायका हसत की मावशी आल्या की कूस बदलायची सोय नाही, त्यांचे मिनिट संपता संपत नाही. आणि हसून त्यांनाच बोलावत.

मी या घरात फळीवर आहे, दोऱ्यांच्या रिळांशेजारी. पुढे इथे एक मूल झाले. त्याचे ठोके दवाखान्यातल्या यंत्राने ऐकले. सगळ्या खोलीला ऐकू गेले म्हणे. चांगले आहे. कुणाला वाकावे लागले नाही. ते मूल कधी मला भिंतीला लावते, कधी मांजराला. मांजर पळते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. धूळ मला सोसते. पण कुणी तुम्हाला काळजीने काही विचारले, तर 'सगळे ठीक आहे' हे उत्तर वाकल्याशिवाय देऊ नका. आणि देऊन बसला असाल, ते खोटे निघाले असेल, तर लांब थरथरत उभे राहू नका. जवळ जा. तीन महिन्यांनी गेलात तरी चालेल. पण माझे ऐकाल तर आजच.

मावशी आता खूप थकल्या असतील. त्यांच्या कानाची ऊब मला अजून आठवते. आणि एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही. सुरुवातीच्या वर्षांत कान टेकण्याआधी क्षणभर त्यांचा हात थरथरायचा. पुढे नाव झाले आणि तो थरथरायचा थांबला. त्या शेवटच्या सकाळी टॉवेलात गुंडाळताना तो पुन्हा थरथरला होता. तसा एक हात मला हवा आहे. फळीवर पडल्या पडल्या मी त्याचीच वाट पाहते.