घर बंद

पाइप टाकायला रस्ता खोदण्याआधी घरोघरी जाऊन तोंडी सांगायचं, हे माझं काम. पाणी कधी जाणार, ठणठण कुठवर चालणार, खिडक्या का लावून घ्यायच्या. लोक तोंड वाकडं करूनच दार उघडतात. एका आजींनी मला नुसतं पाहूनच कपाळाला हात लावला.

दोन खेपांत दार उघडलं नाही, तर साहेबांना कळवायचं. मग संध्याकाळी साहेब जातीनं जातात आणि समोरासमोर सांगून येतात.

यंदा रस्ता माझाच निघाला. नियम म्हणजे नियम. मी माझ्या दारापाशी गेलो, बेल दाबली. कोणी उघडेना. मी एकटाच राहतो, आणि मी तर बाहेर उभा. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या काकू डोकावल्या.

"किल्ली हरवली का रे?"

"नाही काकू, खिशात आहे."

काकूंनी दार लावलं. वर कडीही घातली.

या खोलीत आल्यापासून ती बेल दुसऱ्या कोणी वाजवलीच नव्हती. आतून कशी ऐकू येते, हेही मला ठाऊक नव्हतं. मी साहेबांना फोन केला : घर बंद.

संध्याकाळी खोली झाडली, खुर्चीवरचे कपडे पलंगाखाली ढकलले आणि वाट बघत बसलो. ते येतील की उद्यावर ढकलतील, या विचारानं जीव टांगणीला लागला. मग बेल वाजली. चांगलीच कर्कश होती. बरं वाटलं.

"तू?" साहेब दारातच थबकले.

"इथंच राहतो, साहेब."

"मग दार का उघडलं नाहीस?"

"बाहेर होतो. बेल वाजवत होतो."

"अरे गाढवा, तुला सगळं पाठ आहे की!"

"आहे. पण मला कोणी सांगितलं नाही."

साहेबांनी खोलीवरून नजर फिरवली. एकच खुर्ची. ते तिच्यावर बसले, मी पलंगावर. त्यांनी घडाघडा सगळं म्हणून टाकलं : पाणी, धूळ, ठणठण, खिडक्या.

"घरातल्या बाकीच्यांना सांग," सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं. मग ते जरा खाकरले आणि उठले. "काही शंका?"

"पाणी नक्की कधी जाणार, साहेब?"

हे तर मीच घरोघरी सांगत फिरत होतो. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"हे बघ," ते म्हणाले, "पहिल्यापासून सांगतो."