फोल्डरचा मालक

मेलमधल्या ‘जोडा’ या बटणावर तिने चौथ्यांदा क्लिक केलं. फोटोची पट्टी अर्ध्यापर्यंत भरली आणि गुपचूप नाहीशी झाली. चूक झाल्याची एक ओळसुद्धा पडद्यावर उमटली नाही.

“माझंही असंच झालं असणार,” मागे उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मला वाटलं, फोटो गेले.”

हॉस्पिटलच्या संगणकांचं सगळं ती एकटीच पाहायची. मेलही तळघरातल्या हॉस्पिटलच्याच सर्व्हरवर चालायचा. नवजात बाळांच्या वॉर्डातली एक काचपेटी जास्त तापते, म्हणून सिस्टरांनी तिच्या तापमानाच्या आकड्यांचे फोटो व्यवस्थापकांना पाठवले होते. पोचली फक्त एक ओळ : ‘सोबतचे फोटो तातडीने पाहावेत.’ सोबत काहीच नव्हतं, आणि व्यवस्थापकांनी साधा उलट फोनही केला नाही. दुसरी पेटी नव्हती. सिस्टर दर तासाला आत हात घालून पाहत राहिल्या. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बाळाची पाठ भाजली. बाळ वाचलं, निष्काळजीपणाचा ठपका मात्र सिस्टरांवर आला. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्याकडून माफीनामा लिहून घेतला.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं पुटपुटत तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. त्या तारखेला अकरा नोंदी होत्या, अकराही सारख्या : परवानगी नाही. जोडलेले फोटो आधी ज्या फोल्डरात उतरतात, तिथे लिहायचा अधिकारच मेलचं पान चालवणाऱ्या वेबसर्व्हरला नव्हता. एकेक करून अकरा फोटो या बाईंनी जोडले होते. तिची कानशिलं तापली.

व्यवस्थापक खाली आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळी फोल्डरं सगळ्यांना खुली करून टाका म्हणाले, म्हणजे कटकट मिटेल. तिने साफ नकार दिला. तसं केलं तर त्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम पेशंटचे रिपोर्ट वाचू शकला असता. किल्ली लागत नाही म्हणून कुणी भिंत पाडत नाही, असं ती म्हणाली. मग त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, की या नोंदींचं कुठे लिहू नका. माफीनामा झालाय, विषय मिटलाय.

“कुणासाठी मिटला, साहेब?” ती म्हणाली. “जो जबाबदार असेल त्याचं नाव मी अहवालात लिहिणार.”

तुमची मर्जी, म्हणून ते वर निघून गेले. सिस्टरांनी ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला स्वेटर नीट केला.

तिने फोल्डरांची यादी पडद्यावर आणली. तिसऱ्या रकान्यात मालक दिसतो; लिहायचा अधिकार त्यालाच. तिथे वेबसर्व्हर हवा होता.

तिथे तिचं नाव होतं.

तीन आठवड्यांपूर्वी नवा सर्व्हर आला, तेव्हा जुन्यावरचं सगळं तिनेच आपल्या खात्यातून त्यावर उतरवलं होतं, आणि मालकी तिच्याच नावावर राहून गेली होती. तपासणीसाठी स्वतःला एक मेल पाठवला होता. साधा, काहीही न जोडता.

“सापडलं का हो, ताई?” सिस्टरांनी विचारलं. “कुणी केलं होतं?”

मालक बदलायला एक ओळ पुरली असती, आणि मग ते नाव तिथे उरलं नसतं. तिची बोटं कळफलकावर तशीच राहिली. बाजूला पंखा घरघरत होता.

तिने आधी ती यादी छापली. मग मालक बदलला, फोटो जोडून पाहिला. पट्टी शेवटपर्यंत भरली.

तिने खुर्ची ओढून सिस्टरांना बसवलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

“हा तुमच्याजवळ ठेवा. अहवालालाही जोडतेय,” ती म्हणाली. “तिसरा रकाना वाचा.”

सिस्टर पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या. ती समोर उभी राहिली.