पाहुण्यांचं पाणी

"बीर स्लामा गावाचं पाणी पिण्यालायक आहे," डॉक्टर बिन्नूर म्हणाले आणि बक्षीस दिल्यासारखा कागद टेबलावर ठेवला.

शादलियाने आधी त्यांचे दात पाहिले. पांढरेशुभ्र, राजधानीचे. तिचे स्वतःचे तपकिरी पट्ट्यांचे होते. फॉस्फेटच्या या डोंगरांखाली जन्मलेल्या सगळ्यांचेच असतात. ते झाकायला तिने आयुष्यात कधी तोंडावर हात धरला नव्हता.

एकोणीस वर्षं ती या दवाखान्यात नर्स होती. दर वर्षी शाळेतल्या प्रत्येक पोराचं तोंड उघडून बघायची आणि जाड वहीत लिहायची. ती वही तिने तीनदा राजधानीला पाठवली. तिन्ही वेळा परत आली. एकदा तर दोरीची गाठसुद्धा तिनेच मारलेली होती, तशीच. ही माहिती शास्त्रीय नाही म्हणे! मग तिने पत्रांचा सपाटा लावला, तेव्हा कुठे पाणी आणि खडक तपासणारं डॉक्टर बिन्नूरांचं हे पथक आलं. त्यातले विद्यार्थी चोवीस घरांतून चोवीस बाटल्या भरून घेऊन गेले. आता उद्या, गुरुवारी, त्यांचा अहवाल गव्हर्नरच्या कचेरीत जायचा होता. पाणी वाईट ठरलं तर शुद्धीकरणाचं यंत्र बीर स्लामाला. चांगलं ठरलं तर दुसऱ्या गावाला, आणि पुढची दहा वर्षं कुणी ढुंकून बघणार नाही. गावात पाच वर्षांखालची एक्केचाळीस पोरं होती. त्यांचे पक्के दात हिरड्यांखाली आत्ता घडत होते. एक्केचाळिसावी शादलियाची युम्ना.

"मग आमचे दात असे का?" तिने विचारलं.

"चहा, मादाम. तुम्ही लोक पत्ती तासतासभर उकळता, डांबर होईपर्यंत. पत्तीत फ्लोराइड असतं, त्याने दात डागाळतात. ही सवय बदलायला सांगा गावकऱ्यांना."

शहरातल्या माणसाला गावातल्या रोगाचं कारण नेहमी गावकऱ्याच्या सवयीतच सापडतं. तिथे शोधायला पैसे पडत नाहीत.

"चहाने भर पडते, मान्य," शादलिया म्हणाली. "पण माझी पोर चार वर्षांची आहे, डॉक्टर. ती काय डांबर पिते?"

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"नसतील बोलत. पण बाटलीत काय भरलं, ते आकड्यांना कोण सांगतं?"

तिने कागद ओढून घेतला. फ्लोराइड: लिटरला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम. चोवीसही घरं जवळपास सारखी. ती पुढच्या रकान्यावर गेली. पाण्याचा जडपणा: अगदी कमी. तिथे तिचं बोट थांबलं. ती उठली, कोपऱ्यातलं सुया-चिमटे उकळायचं भांडं उचलून आणलं आणि त्यांच्या कागदावरच आपटलं. भांड्याच्या आत बोटभर जाडीचा पांढरा थर होता, दगडासारखा.

"दर महिन्याला मी हा छिन्नीने काढते. तुमचा कागद म्हणतो, या गावात हलकं पाणी आहे. मग हे काय आहे? लोणी?"

डॉक्टरांनी थरावर नख मारून पाहिलं. निघेना. त्यांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी हळू. मिठाचा रकाना, चुन्याचा रकाना. त्यांचा चेहरा उतरला.

"बोअरचं पाणी तीनशे मीटर खडकातून वर येतं," ते पुटपुटले. "ते इतकं कोरं असूच शकत नाही. हे तर... पावसाचं पाणी वाटतंय."

"तुम्ही दगडांचे डॉक्टर ना? मग हे तुम्हाला नर्सने दाखवायला हवं होतं का?"

शादलियाला त्यांची थोडी दया आली, पण थोडीच.

"तुमच्या विद्यार्थ्यांनी दारात जाऊन काय मागितलं?"

"पिण्याचं पाणी. नियम तसाच आहे. बोअरवरचा नमुना चालत नाही, घरात माणसं पितात तेच पाणी लागतं."

"चला माझ्याबरोबर."

समोरच्याच घरात तुर्किया राहायची. सत्तरीची, पाठ फळीसारखी ताठ झालेली. मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे. गाव तिला खालती म्हणायचं, म्हणजे मावशी.

"खालती, डॉक्टरांना तहान लागलीय."

"अगं, मग उन्हात काय उभं केलंस त्यांना! ये लेकरा, बस." तुर्किया अंगणातल्या टाक्याकडे गेली. झाकण सरकवलं, पोहरा खाली सोडला आणि गारेगार पाण्याचा पेला भरून आणला. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि टाक्याकडे बघत राहिले. गच्चीवरून आलेलं पन्हळ थेट टाक्यात उतरत होतं.

"खालती, तू स्वतः हेच पितेस?" शादलियाने विचारलं.

"मी? वेडी का खुळी तू? वर्षाला चार सरी पडतात. हे पाहुण्यांचं. आम्ही नळाचं पितो, बोअरचं."

"मागे ती मुलं बाटली घेऊन आली होती, त्यांना कुठलं दिलंस?"

"हेच की! राजधानीहून आलेली पोरं. त्यांना काय नळाचं मचूळ पाणी देऊ? माझ्या आईने थडग्यातून उठून मला चपलेने हाणलं असतं."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. चोवीस घरं, चोवीस टाकी. प्रत्येक दारात माणुसकी आडवी आली होती आणि त्यांच्या शास्त्राला त्याचा पत्ताच नव्हता.

"मावशी, आता मला नळाचं द्या," ते म्हणाले.

"अजिबात नाही."

"तपासायचं आहे."

"तपासा नाहीतर डोक्यावर ओता. माझ्या दारातून पाहुणा ते पाणी नेणार नाही. लोक शेण घालतील तोंडात."

शेजारच्या दोन दारांतही हेच. तिसऱ्या दारात तर बाईने त्यांना खजूर दिले, ताक दिलं, वर पुन्हा टाक्याचं पाणी दिलं. डॉक्टर घामाघूम झाले. "काय करायचं, मादाम? उद्या अहवाल आहे."

"तुम्ही काही करायचं नाही. गाडीत बसायचं. काचा वर, तोंड दिसता कामा नये."

"आणि तुम्ही?"

"मी इथे कुणाची पाहुणी नाही."

तिने बाटल्यांची पेटी खांद्याला मारली आणि मागच्या दारांनी निघाली. कुणी विचारलं तर उत्तर एकच: "आज सकाळी पोराला कशातलं पाजलंस? त्यातलं दे." कुणी माठातलं दिलं, कुणी थेट नळाखाली बाटली धरली. टाक्याकडे मात्र एकीनेही पाहिलं नाही. घरच्या माणसाला चांगलं पाणी देऊन कोण वाया घालवतं? तुर्कियाने बाटली भरताना तेवढा टोमणा मारला, "आमची अब्रू बाटलीत घालून विकतेस होय गं?"

"विकत नाही, खालती. आपलं दुखणं दाखवतेय त्यांना."

तासाभरात चोवीस बाटल्या आल्या. पथकाचं छोटं यंत्र गाडीतच होतं. डॉक्टर एकेक नमुना घालत गेले, शादलिया आकडे लिहीत गेली. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक चार. तीन पूर्णांक सहा. मर्यादा दीडची होती. एकही बाटली तीनच्या खाली आली नाही.

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी पेन काढलं आणि जुन्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग विद्यार्थ्यांनी दारोदार नेलेल्या प्रश्नावलीचं पहिलं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. "पिण्याचं पाणी द्या" ही ओळ तिने खोडली. वर लिहिलं, "आज सकाळी पोराला पाजलं ते पाणी द्या." खाली लिहिलं, "नमुना गावातल्याच माणसाने घ्यावा."

"अहवालात दातांचेही आकडे हवेत," डॉक्टर म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "एकोणीस वर्षांचे. तुमची ती वही..."

"अशास्त्रीय वही?"

"मादाम, बास झालं की."

शादलियाने कपाट उघडलं. वही काढली आणि दोरीची गाठ न सोडता त्यांच्या हातात दिली.

"गाठ तुम्ही सोडा," ती म्हणाली. "आणि बसा. संध्याकाळपर्यंत उतरवून होईल. मी वाचते, तुम्ही लिहा."

डॉक्टर बाकावर बसले, गाठ सोडली आणि वही तिच्यापुढे ठेवली. तेवढ्यात तुर्किया अख्खं अंग वळवत दारातून आत आली. हातात झाकलेला पेला, अर्थात टाक्याचाच.

"खालती, नेमकं हेच नको म्हणून सकाळपासून मर मर मरतोय आम्ही!"

"ते तुमच्या बाटल्यांचं," तुर्किया म्हणाली. "हा माणूस आहे. पी रे लेकरा."

डॉक्टरांनी शादलियाकडे पाहिलं. तिने मान हलवली, प्या म्हणून. मग वहीचं पहिलं पान उघडलं आणि पहिल्या पोराचं नाव वाचलं.