काकूंचा डावा हात

मी एक जुना दात घासायचा ब्रश आहे, मित्रांनो. दांडा हिरवा, डोके लहान. माझे केस एके काळी मऊ होते, आता ते चारी बाजूंना विस्कटले आहेत. बाथरूमच्या खिडकीत, फरशी घासायच्या पावडरीच्या डब्याशेजारी मी पडून असतो. माझ्याकडे कुणी बघत नाही. आज तुम्ही बघितलेत, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात भरले, त्यातून माझा दांडा निघाला. एका यंत्राने डोक्यावरच्या भोकांत नायलॉनचे केस ठासले. नंतर मला पुठ्ठ्यावर निजवून पारदर्शक झाकणात बंद केले आणि मी औषधांच्या दुकानात येऊन खिळ्याला लटकलो. एके दिवशी एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ आले. आजारी माणसासाठी हवाय, सगळ्यात मऊ द्या, असे दुकानदाराला म्हणाले. असा मी त्या घरात आलो.

ते गृहस्थ म्हणजे काका. जन्मभर त्यांनी बस चालवली होती, आता निवृत्त झाले होते. काकू टेलिफोनच्या ऑफिसात होत्या. लोकांचे फोन जोडून देता देता बोलणे हाच त्यांचा धंदा झाला होता. अशा माणसाला एका दुपारी अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि जीभ जड झाली. मनातला शब्द ओठांवर यायला त्यांना फार वेळ लागे. काकांना तेवढा धीर नसे. काकूंचे वाक्य ते स्वतःच पुरे करून टाकत, आणि पुष्कळदा चुकीचे.

रोज सकाळी काका बेसिनपुढे खुर्ची ठेवत, काकूंना धरून आणत, त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकत. मग हनुवटीला हात लावून म्हणत, "आ कर." गर्दीतून बस मागे घेताना घेतली असेल तेवढी काळजी घेत ते मला एकेका दातावरून फिरवत. सुरुवातीला मी दोन-तीनदा हिरडीला लागलो, पण पुढे आम्हां दोघांचा हात बसला. काकूंना व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या म्हणाल्या, दात अगदी छान ठेवलेत हं काकूंचे. काकांची मान ताठ झाली. माझीही झाली असती, पण ती मुळातच ताठ.

मग एकदा त्याच बाईंनी विजेच्या ब्रशचा विषय काढला. तो नुसता दातांवर टेकवून हळूहळू सरकवायचा, घासायचे काम तो स्वतः करतो. दांडा जाड असतो, डाव्या हाताने धरता येतो. हात धड असेल तर साधा ब्रशही चांगलेच काम करतो, असे सांगायला त्या विसरल्या नाहीत. पण काकूंना स्वतःचे दात स्वतः घासता आले तर बघा ना, म्हणाल्या.

परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलाने लगेच तसा ब्रश पाठवून दिला. काकांनी खोके उघडले, बघितले, बंद केले आणि कपाटावर ठेवून दिले. पाण्याजवळ विजेची वस्तू नको, म्हणाले. त्याची बॅटरी आत बंद असते, असे बाईंनी समजावले, तेव्हा म्हणाले, हिरड्या सोलून निघतील. खरे कारण वेगळे होते. बसची नोकरी संपल्यापासून काकांना कुठे जायचे नव्हते. कुणी त्यांची वाट बघत नव्हते. सकाळची ती खुर्ची, तो टॉवेल, एवढेच काम त्यांच्या हातात उरले होते. ते गेले असते तर दिवस कुठून सुरू करायचा?

हळूहळू काकू तोंड उघडेनाशा झाल्या. काका आधी समजावत, मग चिडत. एका सकाळी त्यांनी जरा जोर केला आणि मी काकूंच्या ओठाला लागलो. बेसिनमध्ये फेसाबरोबर रक्त पडले. काकूंनी डाव्या हाताने मला काकांच्या हातातून ओढून घेतले आणि स्वतः घासू लागल्या. मी मनापासून साथ दिली, मित्रांनो. पण कधी गालावर गेलो, कधी नाकावर, आणि शेवटी खाली पडलो.  काकूंनी कपाटाच्या दिशेने बोट केले.

"अगं, मी आहे ना," काका म्हणाले.

काकूंनी बराच वेळ शब्द जुळवले. त्या दिवशी मात्र काकांनी मध्ये तोंड घातले नाही.

"तुम्ही आहात," काकू म्हणाल्या. "मी... कुठाय?"

 स्टुलावर चढून काकांनी खोके काढले.

पहिल्या दिवशी काकूंनी तोंडात घालण्याआधीच बटण दाबले. फेसाचे शिंतोडे आरशावर, भिंतीवर आणि काकांच्या सदऱ्यावर उडाले. काकू हसल्या. अर्ध्याच चेहऱ्याने, पण आजारपणानंतर पहिल्यांदा हसल्या. चार-सहा दिवसांत त्यांना जमू लागले. तो नवा ब्रश भुंग्यासारखा गुणगुणे आणि काकू आरशात स्वतःकडे बघत राहत. काका दारात उभे असत, खांद्यावर टॉवेल घेऊन. मी कोरडाच पेल्यात असे. मला वाईट वाटले. पण काकूंचा चेहरा बघून त्या ब्रशचा राग करणे मला जमले नाही.

हे सुख थोडेच टिकले. त्याच महिन्यात काकूंना दुसरा झटका आला. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

मुलगा आला होता. सामान आवरताना त्याने विजेचा ब्रश उचलला आणि काकांकडे बघितले. तुम्ही आईचं किती केलंत बाबा, म्हणाला.

"केलं रे," काका म्हणाले. "ती मागत होती, तेवढं सोडून सगळं केलं."

त्यानंतर एकदा काकांनी मला नळाच्या खाचा घासायला घेतले आणि अर्धवट घासून खिडकीत ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे. खाचांतला मळ तसाच आहे. काका सकाळी उशिरा उठतात.

मित्रांनो, आमची काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. आमचे केस वाकले की आम्हांला बदलायचेच असते. साधा ब्रश घ्या, विजेचा घ्या, ज्या हाताला जो जमेल तो घ्या. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याचे काम त्याच्या हातातून काढून घेण्याआधी त्याला विचारा. आणि विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत थांबा.