न वापरलेलं कार्ड

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका माणसाची बायको गेली, तेव्हा त्याला रडू आलं नाही. आवराआवर सुचली. लोक त्याला कवळीवाला म्हणत, आपणही तेच म्हणू. त्याच्या धंद्यात त्याचा एक नियम होता. कवळी तोंडात नीट बसली की प्लास्टरचा साचा फोडून टाकायचा. साचा जपून ठेवला की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं, असं तो हसत सांगायचा. आता हसणं उरलं नव्हतं, नियम तेवढा उरला होता.

बायकोचा फोन बंद केला, कपडे देऊन टाकले, चष्माही दिला. आत काही म्हणून हलत नव्हतं. जेवलात का विचारलं तर हो म्हणायचा, आणि खरंच जेवलेला असायचा.

राहिलं एक क्रेडिट कार्ड. धंदा नवा असतानाचं, त्याच्या नावाचं, पुढे मर्यादा वाढत वाढत भलीमोठी झालेलं. त्याला जोडून बायकोच्या नावाचं दुसरं. दोघांनी ते कित्येक वर्षांत वापरलं नव्हतं; अडीनडीला त्याचं वेगळं एक छोटं कार्ड होतं. पण बँकेचे मेसेज यायचे आणि त्यात तिचं नाव असायचं.

"बाबा, ते कार्ड बंद करू नका हं," मुलगी फोनवर म्हणाली. "निदान कर्ज होईपर्यंत तरी. क्रेडिट स्कोअर पडतो, मग बँक कर्ज देत नाही."

"वापरतच नाही ते बंद केलं तर काय बिघडणार गं?"

"वापरत नाही म्हणूनच ते कामाचं आहे!"

हे त्याला पटलं नाही. कुणाला पटेल म्हणा!

कर्ज हवं होतं ते राहत्या घरासाठी. घरमालक विकायला निघाला होता. पहिला हक्क तुमचा, म्हणाला, पण महिनाअखेरपर्यंतच. सगळा संसार त्या घरात झालेला. बायको कुठे उरली असेल तर तिथेच. घर गेलं की ती दुसऱ्यांदा जाणार, एवढी एकच गोष्ट त्याला स्वच्छ कळत होती.

आणि तरी या शहाण्याने कार्ड बंद केलं! बँकेतल्या मुलाने फोनवर विचारलं, "मॅडमचंही बंद होईल, चालेल ना?" हा म्हणाला, "चालेल." मग कात्रीने दोन्ही कार्डांचे तुकडे केले. साचा फोडून मोकळा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कर्जाचे कागद घेऊन तो बँकेत गेला तोवर स्कोअर घसरला होता. खिडकीमागची बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काका, मोठं कार्ड बंद केलंत का?"

"वापरत नव्हतो."

"अहो, तेच तर! ते रिकामं होतं तोवर मोठ्या-छोट्याची मर्यादा मिळून त्या मानाने तुमची उधारी थोडी दिसायची. आता उरलं हे छोटं, आणि ते गळ्यापर्यंत भरलंय."

ते बायकोच्या हॉस्पिटलच्या बिलांनी भरलं होतं.

"मोठं परत उघडता येईल?"

"बंद झालेलं नाही उघडत, काका. उधारी फेडा, काही महिन्यांनी स्कोअर वर येईल, मग या."

काही महिने थांबायला घरमालक काय याचा मेव्हणा होता? 'बरं' म्हणून कवळीवाला घरी आला. मुलगी फोनवर आधी ओरडली, मग रडली. "बाबा, काहीतरी बोला ना!"

"काय बोलू?" त्याने विचारलं.

महिना संपला आणि घरमालक एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. बाई चांगली उंच, हसरी. स्वयंपाकघरात शिरताच म्हणाली, "अगंबाई, ही फळी केवढी खाली! माझं डोकंच आपटेल."

"माझी बायको ठेंगणी होती," कवळीवाला म्हणाला. "तिचा हात पोचावा म्हणून मीच बसवली."

"आधी ही काढू," ती नवऱ्याला म्हणाली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कवळीवाल्याच्या आत काहीतरी दुखलं, आणि त्याने फळी हाताने धरून ठेवली. "बाकी सगळं बदला. ती फळी तेवढी राहू द्या हो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

घरमालक उगीचच खाकरला. नवरा खिडकीबाहेर बघू लागला. बाई हलक्या आवाजात म्हणाली, "पण काका, राहणार तर आम्हीच ना?"

"हो," तो म्हणाला. "खरंय."

आणि स्क्रूड्रायव्हर आणायला आतल्या खोलीत गेला.